शपथ झाली, आता प्रश्नांना उत्तर कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जूनला आमच्या शाळांत राजर्षी शाहू जयंती आणि अमली पदार्थविरोधी दिन एकाच परिपाठात उरकतात. शपथ, घोषणा, प्रभातफेरी आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो. 'उपक्रम राबविला' असा अहवाल वर गेला की विषय वर्षभरासाठी मिटला.

पण नववी-दहावीच्या मुलांचे प्रश्न मिटत नाहीत. "सर, व्हेपमध्ये तंबाखू नसते ना, मग काय होतं?" "एमडी म्हणजे नक्की काय?" (एमडी म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ.) गणित किंवा मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाने काय सांगावं? उत्तर ठाऊक असलं तरी जीभ अडखळते. उद्या एखादा पालक येऊन म्हणायचा, "तुम्हीच शिकवलंत!" मग 'असले प्रश्न विचारायचे नाहीत' म्हणून तास पुढे ढकलला जातो. व्हेप म्हणजे ई-सिगारेट आणि तिच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे, एवढं तरी ठामपणे सांगता आलं पाहिजे.

आपल्याला 'ड्रग्ज' म्हटलं की पांढरी पूडच आठवते. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलांचं प्रमाण (१.१७ टक्के) मोठ्यांपेक्षा (०.५८ टक्के) जास्त आहे. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांसाठी मुलाला कुठल्या अड्ड्यावर जावं लागत नाही. हे किती शिक्षकांना कुणी सांगितलंय?

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक प्रशिक्षित करायचे आहेत. त्यातल्या अकरा विषयांपैकी व्यसन हा एक. त्याच्या वाट्याला किती वेळ येत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. शिवाय प्रशिक्षणात नुसत्या स्लाइड दाखवून शिक्षकाला धीर येत नाही. सडलेल्या फुप्फुसांची चित्रं पाहून मुलं घाबरतात, पण नुसत्या भीतीने व्यसन टळत नाही, असं संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधाबाबतची मानकंही सांगतात.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे मूल विश्वासाने येऊन "मी घेतलंय" असं सांगतं तो. घरी कळवायचं का? मुख्याध्यापकांना सांगितलं तर मुलाच्या हाती थेट दाखलाच पडेल का? मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेत मात्र आरोपी ठरतं ते मूलच.

शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती एवढीच, की शाळा उघडण्यापूर्वी एक दिवस व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक बोलवा. त्यांनी विद्यार्थी होऊन आम्हाला अडचणीचे प्रश्न विचारावेत, आम्ही उत्तरं द्यावीत, चुकलो तर तिथेच दुरुस्त करावं. मुलाने कबुली दिल्यावर कुणाला, कोणत्या क्रमाने सांगायचं याचं एक पानी परिपत्रक काढा. आणि १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन वर्गातल्या फळ्याशेजारी लावायला सांगा, कार्यालयातल्या सूचनाफलकावर नको.

– एक माध्यमिक शिक्षक, नाशिक जिल्हा