कोकणात जाताय? एक संध्याकाळ हर्णैला काढा

महोदय,
सुट्टी लागली की आपल्या सातारा-कराडकडच्या गाड्या कुंभार्ली घाट उतरून कोकणात जातात. पाण्यात डुंबायचं, मासे खायचे, परत यायचं. एवढ्यावर थांबू नका. एक संध्याकाळ हर्णै बंदरावर काढा. होड्या लागल्या की वाळूतच मासळीचे वाटे मांडून लिलाव सुरू होतो, समोर सुवर्णदुर्ग! मार्चच्या सुमारास गेलात तर वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं जरूर पाहा. तळहातापेक्षाही लहान जीव, लाटेनं मागं लोटलं तरी पुन्हा समुद्राकडेच सरकतो. माझी नात जागची हलेना. फक्त फ्लॅश मारू नका. आणि गणपतीपुळ्याला स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, तिथला समुद्र फार फसवा आहे.

– एक वाचक, कराड (जि. सातारा)