नाडी मोजताना फोन खिशातच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हातात फोन असताना मनगटावर घड्याळ कशाला?’ हा प्रश्न अलीकडे फार ऐकू येतो. घड्याळाची बाजू घेणारेही बहुतेक वेळा शोभा, रुबाब किंवा वडिलांची आठवण एवढ्यावरच थांबतात. त्या आठवणींचे मोल मला कळते. पण मी आयुष्यभर परिचारिका म्हणून काम केले आणि पुढे परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवले. मला घड्याळ हवे आहे ते सेकंदकाट्यासाठी. घड्याळ हा आता केवळ दागिना उरला आहे, असे म्हणणाऱ्यांनी पेशंटच्या खाटेशेजारी एक मिनिट उभे राहून पाहावे, म्हणून हे पत्र.

नाडी कशी मोजतात ते आधी सांगते. पेशंटच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला आपली तीन बोटे हलकेच ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण त्याचे स्वतःचे ठोके जाणवतात आणि गोंधळ होतो. ठोके नीट लागले की नजर घड्याळावर न्यायची. सेकंदकाटा कुठेही असो, त्या खुणेपासून सुरू करायचे आणि काटा पुन्हा तिथे आला की थांबायचे. घाईच्या वेळी १५ सेकंद मोजून चारने गुणतात, पण त्यात एक ठोका चुकला तरी उत्तरात चारांचा फरक पडतो. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. काही पेशंटमध्ये हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा एक परिचारिका छातीवर स्टेथोस्कोप ठेवते, दुसरी मनगट धरते आणि दोघी एकाच घड्याळाकडे पाहून एकच मिनिट मोजतात. दोन आकड्यांतला फरक डॉक्टरांना बरेच काही सांगून जातो.

आता हेच फोनवर करून पाहा. फोनच्या पडद्यावर तास आणि मिनिटे दिसतात, सेकंद सहसा दिसत नाहीत. म्हणजे कुलूप उघडा, घड्याळाचे अ‍ॅप शोधा, स्टॉपवॉच सुरू करा. एक हात पेशंटच्या मनगटावर, दुसरा फोनमध्ये अडकलेला. मध्येच पडदा विझतो किंवा वरून एखादा संदेश घरंगळत येतो. माझी एक विद्यार्थिनी अशीच फोन धरून नाडी मोजत होती. खाटेवरच्या आजी तिला म्हणाल्या, ‘‘बाळा, कुणाचा फोन असेल तर घे आधी, माझं काय, मी आहेच इथे.’’ त्या मुलीचे लक्ष पूर्णपणे आजींच्या नाडीवर होते, पण आजींना ते कळायला मार्ग नव्हता. फोनकडे पाहणारा माणूस नेमके काय पाहतो आहे हे समोरच्याला दिसत नाही. घड्याळाकडे पाहणाऱ्या सिस्टरबद्दल मात्र कुणाला शंका येत नाही. आजारी माणूस आपल्या चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल वाचत असतो. त्याच्याजवळ उभे असताना ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

श्वास मोजण्याचे काम तर याहून नाजूक. श्वास मोजतो आहोत हे पेशंटला कळता कामा नये. कळले की तो नकळत श्वासाची गती बदलतो. म्हणून आम्ही नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवायला शिकवतो. पेशंटला वाटते, अजून नाडीच चालू आहे. आपली नजर मात्र छातीच्या वर-खाली होण्याकडे, आणि अधूनमधून सेकंदकाट्याकडे. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. लहान मुलांत वयाप्रमाणे आकडा बदलतो. खोकला किंवा धाप असलेल्या दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे एक वर्षाच्या आतल्या बाळाचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे तो जलद श्वास धरतात आणि न्यूमोनियाची शंका घेतात. हे मोजायचे पूर्ण एक मिनिट, बाळ शांत असताना. बाळे कधी भराभर तर कधी सावकाश श्वास घेतात, त्यामुळे इथे अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याचा हिशेब चालत नाही.

याच कामासाठी युनिसेफने आरोग्यसेवकांना एक लहानसा टायमर पुरवला. एक मिनिट मोजायचे आणि ते संपले की आवाज करायचा, हे त्याचे काम. नजर बाळाच्या छातीवरून हलू नये, कान टायमरकडे असावा. हा विचार करणाऱ्यांनी आमचे काम अचूक ओळखले, असे मला वाटते. मोजताना जे साधन आपले कमीत कमी लक्ष मागते, ते चांगले.

इथे कुणी म्हणेल, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नाडीचा आकडा आपोआप दाखवतो, मग मोजायचे कशाला? ऑक्सिमीटर उपयोगी आहे आणि तो हवाच. पण बोटे थंड पडली असतील, नखांना रंग असेल, पेशंट हात हलवत असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर तो आकडा फसवा येऊ शकतो. नेमके जे पेशंट सर्वांत आजारी असतात, त्यांचेच हातपाय गार पडलेले असतात. शिवाय आकडा हा नाडीचा एक भाग झाला. नाडी भरीव आहे की सुतासारखी बारीक, मध्येच ठोका गळतो का, हात घामेजला आहे का, हे बोटांनाच कळते. मी विद्यार्थिनींना सांगत असे, यंत्रावरचा आकडा आणि बोटांखालची नाडी जुळत नसेल तर आधी पेशंटकडे बघा.

सलाइनचेही तसेच. वॉर्डात पंप नसेल तर थेंब डोळ्यांनी मोजावे लागतात. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यायचे आहे आणि नळीच्या सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब हवेत. चाक फिरवून थेंब कमी-जास्त करताना एक हात वर असतो आणि डोळे थेंबांवर. घड्याळाचे मनगट थेंबांच्या शेजारी नेले की दोन्ही एकाच नजरेत येतात. त्या वेळी फोन धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

नाडी मोजायची तर वेगळे साधन लागते, हे वैद्यांना चारशे वर्षांपूर्वीच जाणवले होते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या सांक्टोरिओने लोलक वापरून पाहिला. लोलकाचा दोरा कमी-जास्त करून त्याचा झोका नाडीशी जुळवायचा आणि दोऱ्याची लांबी नोंदवून ठेवायची. त्यातून तुलना होत असे, मिनिटाचे ठोके मिळत नसत. पुढे इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ खास बनवून घेतले आणि १७०७ साली आपले काम प्रसिद्ध केले. नंतरच्या काळात डॉक्टरांसाठी अशीही घड्याळे निघाली की ज्यांच्या तबकडीच्या कडेला नाडीचे आकडे कोरलेले असत. कळ दाबायची, तीस ठोके मोजायचे, पुन्हा कळ दाबायची. काटा जिथे थांबेल तोच मिनिटाचा आकडा, गुणाकार करायला नको. अशी तबकडी पाहिली की ती बनवणाऱ्याने आजाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा विचार केला होता, हे जाणवून मला बरे वाटते.

फोनचे माझे काही वाकडे नाही. कुठली घटना किती वाजता घडली याची नोंद करायची असेल, तर फोनची वेळ माझ्या घड्याळापेक्षा जास्त भरवशाची, कारण ती नेटवर्कवरून जुळवली जाते. सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तरीही साधारण घड्याळ महिन्याला १५ सेकंदांपर्यंत पुढे-मागे जाऊ शकते. चावीच्या घड्याळात तर दिवसाकाठी काही सेकंदांचा फरक सहज पडतो. एका वॉर्डात तीन सिस्टरांची तीन घड्याळे तीन वेळा दाखवू लागली, तर केसपेपरवर इंजेक्शन आधी दिले की झटका आधी आला, हेच कळेनासे होते. म्हणून ड्युटीवर येताना फोनमध्ये पाहून घड्याळ लावून घ्यावे, असा माझा आग्रह असे. एकदा घड्याळ लावले की फोन खिशात. पेशंटजवळचे एक मिनिट मोजायला महिन्यातल्या १५ सेकंदांनी काही बिघडत नाही.

मनगटाबद्दलही खरे ते सांगायला हवे. घड्याळ आणि त्याचा पट्टा यांखाली हात नीट धुतला जात नाही, तिथे जंतू राहतात. याच कारणाने इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ साली, पेशंटची थेट सेवा करणाऱ्यांचे हात कोपरापासून खाली मोकळे असावेत, असे धोरण जाहीर केले. त्यात मनगटी घड्याळही आले. हे मला पूर्ण पटते. परिचारिकांसाठी त्यावर जुनाच उपाय आहे : गणवेशाला छातीशी टाचायचे घड्याळ. त्याची तबकडी उलटी टांगलेली असते, म्हणजे मान खाली घातली की आपल्याला ती सुलट दिसते. दोन्ही हात मोकळे, आणि ग्लोव्हज घातलेल्या हातांनी कशालाही शिवायला नको. फोनच्या काचेवर जंतू असतातच, आणि तो तर दिवसभर हातातून हातात, खिशातून टेबलावर फिरत असतो. प्रसूतीनंतर बाळाची एक आणि पाच मिनिटांनी तपासणी करून अपगार गुण, म्हणजे बाळाची प्रकृती कशी आहे ते सांगणारे गुण, द्यायचे असतात. तेव्हा आमच्या हातांची काय अवस्था असते ते ज्यांनी पाहिले आहे, ते तिथे फोनचे नाव काढणार नाहीत.

आता घरातल्या माणसांसाठी. आजाऱ्याची सेवा सगळीकडेच शेवटी घरच्यांवर येते. घरात कुणाला फिट आली तर ती किती वेळ चालली हे मोजणे फार महत्त्वाचे आहे. पाच मिनिटांहून जास्त चालली तर तातडीने मदत बोलवायची असते. पाहणाऱ्याला तो वेळ प्रत्यक्षापेक्षा कितीतरी लांब वाटतो. ‘‘किती वेळ चालली?’’ असे विचारले की घाबरलेले नातेवाईक सांगतात, ‘‘खूप वेळ.’’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. त्या क्षणी फोन हा मदत बोलवायला हवा असतो, किंवा दुसऱ्या कुणीतरी फिटचे चित्रण करायला, ज्याचा डॉक्टरांना खरोखर उपयोग होतो. वेळ बघायला मनगटावर एक साधे घड्याळ असले की फोन त्याच्या कामाला मोकळा राहतो. बाळंतपणाच्या कळांचेही तसेच. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसऱ्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर घड्याळावर पाहून कागदावर लिहायचे, एवढे सोपे काम आहे. त्यासाठी अ‍ॅप चालते, पण बाईचा हात धरून बसलेल्या माणसाने ते उघडत-मिटत बसावे, हे मला बरे वाटत नाही.

स्मार्ट घड्याळांविषयी थोडेसे. ती नाडी दाखवतात, पण ज्याने ती बांधली आहे त्याची. सिस्टरच्या मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाला पेशंटच्या नाडीचा पत्ता नसतो. त्यातही संदेश येतातच, आणि ज्यांचा पडदा हात वळवल्याशिवाय उजळत नाही ती मोजताना निरुपयोगी.

माझी मागणी परिचर्या शिकवणाऱ्या सर्व संस्थांकडे आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थिनींना जी साहित्याची यादी देता, तिच्यात सेकंदकाट्याचे घड्याळ सक्तीचे ठेवा आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यावर मोजण्याचा सराव घ्या. अनेक मुलींना तबकडीवरची वेळ वाचता येते, पण काटा ७ वर असताना तिथूनच मोजायला सुरुवात करायची सवय नसते. त्या १२ ची वाट पाहत थांबतात. सरावाने हे लगेच सुटते. दुसरी मागणी रुग्णालयांकडे : प्रत्येक वॉर्डात, खाटांवरून दिसेल असे, सेकंदकाट्याचे मोठे भिंतीवरचे घड्याळ लावा आणि त्याचा सेल बदलण्याचे काम एका माणसाला नेमून द्या. सेल संपून बंद पडलेले घड्याळ मी एका वॉर्डात महिनोन्‌महिने तसेच लटकलेले पाहिले आहे. रात्री झोप न येणारा पेशंट त्याच्याकडे पाहून पहाट किती दूर आहे याचा अंदाज बांधू पाहत असे. ते पाहून मला राग येई, आजही येतो.

आणि ज्यांना घरासाठी किंवा वॉर्डासाठी घड्याळ घ्यायचे आहे त्यांच्यासाठी : पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे, मिनिटांच्या साठही खुणा, तबकडीच्या कडेपर्यंत पोहोचणारा आणि रंगाने वेगळा उठून दिसणारा सेकंदकाटा, पाणी न शिरणारी पेटी आणि धुता येणारा पट्टा. रात्रपाळी असेल तर अंधारात चमकणारे काटे. याहून जास्त काही लागत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचर्या शिक्षिका