ताई, पहिला ठिपका तू माझ्याकडून लिहून घेतलास

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले असते तर "गप रव गो" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

आमच्या वेंगुर्ल्यात ग्राफिक्स प्रोग्रामिंग शिकायचंय म्हटलं की लोकांना फ्लेक्स नाहीतर लग्नपत्रिका आठवते. मला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी येत होती: लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं), फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं. स्क्रीनवर चित्र उमटतं कसं, हे समजून घ्यायचं होतं. विचारलं त्या प्रत्येकाने एखादं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, डाउनलोड करायला सांगितलं. तू एकटीच म्हणालीस, "इंजिन नंतर. आधी एक ठिपका लिही."

आणि तू पीपीएम या प्रकारची चित्राची फाइल दाखवलीस. साधी टेक्स्ट फाइल. पहिल्या ओळीत पी३, मग रुंदी आणि उंची, मग २५५, आणि खाली प्रत्येक पिक्सेलचे, म्हणजे ठिपक्याचे, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. २५५ ० ० लिहिलं की लालभडक ठिपका. बघायला जिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर, बाकी लायब्ररी वगैरे काही नाही. मग एकात एक दोन लूप घालून मी संध्याकाळचं आभाळ काढलं: जितकं खाली यावं तितका निळा कमी, केशरी जास्त. दोन रंगांमधलं हे प्रमाण काढायचं छोटंसं सूत्र पुढे हालचालीत भेटलं, टेक्स्चरमध्ये (आकारावर चिकटवलेल्या चित्रात) भेटलं, त्रिकोणाच्या आत रंग भरतानाही भेटलं. तेव्हा ते आधीच ओळखीचं होतं, यासाठी तुझे खरे आभार.

मग तू गुणाकार करायला लावलास. माझ्या जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८, म्हणजे १०,४९,०८८ पिक्सेल. सेकंदाला ६० वेळा ते सगळे रंगवायचे तर सव्वासहा कोटींच्या वर ठिपके. पायथनचा लूप तिथे का पुरत नाही आणि जीपीयू, म्हणजे चित्रं रंगवणारी चिप, कशासाठी लागतो, हे त्या एका गुणाकाराने कळलं. जीपीयूत एकच छोटं फंक्शन असंख्य पिक्सेलसाठी एकाच वेळी चालतं; त्यालाच फ्रॅगमेंट शेडर म्हणायचं. महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायला लागेल या धास्तीत मी होते. तू ब्राउझर उघडायला लावलास. वेबजीएल, म्हणजे वेबपानातून जीपीयू वापरायची सोय, २०११ पासून ब्राउझरमध्ये आहे आणि शिकण्यापुरतं ते या लॅपटॉपवर मजेत चालतं.

सगळं त्रिकोणांनीच का बनवतात, या माझ्या प्रश्नावर तू तीन दगडांच्या चुलीकडे बोट दाखवलंस. तीन टेकू असले की पातेलं डुगडुगत नाही. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात बसतात, चौथा वर-खाली होऊ शकतो.

पण माझ्या मनात पक्का बसलाय तो नारळ. लाईट गेली होती. तू सोललेला नारळ हातात धरलास आणि मोबाइलची बॅटरी त्यावर मारलीस. "कडेला बघ." समोर लख्ख, कडेला जाता जाता अंधार. तू म्हणालीस, पृष्ठभागाला लंब रेघ काढ, तिचा आणि उजेडाच्या दिशेचा कोन बघ, कोसाइन घे. कोन ६० अंश झाला की उजेड निम्मा. लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडलेला हा नियम शेडरमध्ये डॉट प्रॉडक्टची (दोन दिशांचे आकडे गुणून केलेल्या बेरजेची) एक ओळ होतो. ती ओळ लिहिली आणि स्क्रीनवरची सपाट चकती चेंडूसारखी गोल दिसायला लागली. मी आईला हाक मारून दाखवलं.

तू मला तयार कोड कधीच पाठवला नाहीस. मुंबईहून रात्री उशिरा तुझा व्हॉइस मेसेज यायचा, तोही प्रश्नच: "तिथे कुठला आकडा यायला हवा होता?" शेडरमध्ये प्रिंट, म्हणजे आकडा लिहून दाखवायची सोय, नसतं, म्हणून जो आकडा तपासायचा त्यालाच रंग करून बघायचं, हे तुझ्याकडून शिकले. कितीही मोठं पुस्तक वाचलं असतं तरी मला हे इतक्या लवकर मिळालं नसतं असं वाटतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं तुझंच आहे. व्हल्कन या जीपीयूशी थेट बोलायच्या साधनापासून सुरू करू नका. त्यात पहिला त्रिकोण दिसेपर्यंत शेकडो ओळी लिहाव्या लागतात आणि त्यातल्या बहुतेक कशासाठी आहेत ते तेव्हा कळत नाही. आधी ठिपका, मग रेघ, मग त्रिकोण, मग उजेड.

वाडीतल्या दोन मुलींना मी पीपीएम दाखवलंय. एकीने झेंडा काढला, दुसरी होडी काढतेय. माझं डेप्थ बफरवर, म्हणजे कुठला ठिपका किती लांब आहे त्या नोंदीवर, काम चाललंय: पुढची वस्तू मागचीला झाकते ते जमलंय, सावली अजून पडत नाही. त्याबद्दलचा प्रश्न रविवारी पाठवते, उत्तर सांगू नकोस, नुसतं कुठे बघायचं ते सांग.

तुझीच,
वेंगुर्ल्याची धाकटी