सराव सामने हवेतच

क्रिकेट संघाच्या परदेश दौऱ्यांवरील सराव सामने आता कालबाह्य झाले आहेत, असे मांडणारा आपल्या अंकातील लेख वाचला. तो पटला नाही. वर्षभर खेळणाऱ्यांना वेगळा सराव कशाला, असे लेखक विचारतात. पण अडचण खेळण्याची नाही, परक्या खेळपट्टीची आहे.

माझा नातू सिमेंटच्या विकेटवर सराव करतो. परवा प्रथमच गवत राखलेल्या खेळपट्टीवर उतरला, तर एकाच षटकात तीनदा चेंडू बॅटची कड चाटून जाता जाता राहिला. कोणता चेंडू सोडायचा, हे कळायला त्याला चार दिवस लागले.

डिसेंबर 2023 मध्ये आपला संघ आपापसातल्या सामन्यावर भागवून दक्षिण आफ्रिकेत सेंच्युरियनला उतरला आणि तिसऱ्याच दिवशी एक डाव 32 धावांनी हरला. मालिका दोनच कसोटींची. केपटाऊनला जिंकलो, पण मालिका बरोबरीत सुटली.

बडोद्याच्या विजय हजारे यांनी जानेवारी 1948 मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या कसोटीत लिंडवॉल-मिलर या वेगवान गोलंदाजांसमोर 116 आणि 145 धावा केल्या, त्याचा आम्हा बडोदेकरांना आजही अभिमान आहे. मालिका आपण 0-4 अशी गमावली, हे खरे. पण हजारे तोवर ऑक्टोबरपासून तिथल्या राज्य संघांविरुद्ध खेळत होते.

तेवढा वेळ आज कोणी मागत नाही. पहिल्या कसोटीआधी स्थानिक संघांशी चार दिवसांचे दोन सामने तरी मंडळाने दौऱ्याच्या करारातच लिहून घ्यावेत.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा