शनवार तेली कुठे गेले तुमच्या लेखातून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला मुंबईच्या ज्यू लोकांवरचा लेख वाचला. फोटो एकदम झकास, काळाघोड्याचं केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याचं मागेन डेव्हिड ही सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, ससून डॉक, डेव्हिड ससून लायब्ररी, सगळं आहे. पण लेखात एका ठिकाणी म्हटलंय की १८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून बगदादहून आले आणि तिथून मुंबईत ज्यू समाज सुरू झाला, ते वाचून हातातला चहा तसाच राहिला. अहो, मांडवीतलं शाअर हारहामीम सिनेगॉग १७९६ चं आहे. ससून शेठ बंदरावर उतरले तेव्हा त्याला पस्तीसेक वर्षं होऊन गेली होती. आणि ते बांधणाऱ्या माणसाचं आडनाव दिवेकर, मूळ कोकणचं. तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी ते, बेने इस्राएल किंवा शनवार तेली म्हणतात त्यांना.

सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल. कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या लढाईत पकडले गेले. तिथून सुटले कसे याची गोष्ट त्यांचे लोक सांगतात ती अशी की टिपूच्या आईनं विचारलं हे कैदी कोण, ते म्हणाले आम्ही बेने इस्राएल, आणि तिला कुराणातलं नाव आठवलं म्हणून जीव वाचला. गोष्ट खरी का किती खरी ते सोडा, पण सुटून आल्यावर माणसानं नवस फेडल्यासारखं सिनेगॉग बांधलं हे पक्कं. ज्या रस्त्यावर बांधलं तो सॅम्युएल स्ट्रीट आजही तिथंच आहे. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला सरळ मशीदच म्हणायचे, ही जुनी मशीद, नंतरची ती नवी मशीद, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव या जुन्या मशिदीवरून पडलं असं खूप जण सांगतात. आपण रोज लोकलमध्ये ते नाव ऐकतो, पण हा विचार कुणाच्या मनात येत नाही.

मी ठाण्यात वाढलो. आमच्या शेजारच्या काकू बेने इस्राएल, माहेर पेणकडचं. आम्हाला लहानपणी ज्यू वगैरे शब्द माहीतच नव्हता, आम्हाला एवढंच माहीत की त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीला एक बारीक तिरकी डबी ठोकलेली आहे, काकू आत-बाहेर करताना तिला हात लावून बोटं ओठांना लावतात, आणि शुक्रवारी दिवस मावळायच्या आत त्यांची सगळी कामं आटपलेली असतात. मग काचेच्या पेल्यात तळाला पाणी, वर खोबरेल, त्यात वात, तो दिवा लागला की काकू डोक्यावर पदर घ्यायच्या आणि त्यानंतर शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांना काही सांगायचं नाही, अगदी वाटीभर साखर मागायलासुद्धा जायचं नाही, आई दटावायची.

त्या शनिवारामुळेच तर शनवार तेली हे नाव पडलं. हे लोक कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात गावोगावी तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. शेजारी सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. झालं, भानगड मिटली. कुणी विचारलं नाही की तुम्ही मूळचे कुठले, तुमचे कागद दाखवा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथंच पुरलं, अशी त्यांची परंपरा आहे, आणि ती दफनाची जागा नवगावला आजही दाखवतात. मग जे जिथे राहिले ते त्या गावचे झाले, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, नवगावकर. सिनेमातले डेव्हिड, ते टक्कलवाले हसरे, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. आणि वरळीचा डॉ. ई. मोझेस रोड कुणा इंग्रजाच्या नावचा आहे असं मीसुद्धा चाळीस वर्षं समजत होतो, ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर!

अठराव्या शतकाच्या मध्याला ही मंडळी गावं सोडून मुंबईत यायला लागली, कारण सोपं आहे, इथं फौजेत भरती होती, गोदीत आणि बांधकामावर सुतारकाम होतं, पुढे कारकुनी आली. बाकी आपले कोकणी लोक आले तसेच. ससून मंडळी आली ती वेगळी, ते बगदादचे मोठे व्यापारी, अफू, कापूस, मग गिरण्या. त्यांनी या शहरासाठी केलं ते खूपच, १८७५ चा डॉक आजही कोळणींच्या पाट्यांनी भरलेला असतो, ते कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही. पण बगदादी लोकांनी इथल्या या मराठी भाऊबंदांना बरोबरीनं वागवलं असं काही नाही, दफनभूमीतसुद्धा मध्ये भिंत घाला अशी मागणी केली होती. तुमच्या लेखात यातलं काहीच नाही, जणू सगळे ज्यू एकाच बोटीतून उतरले.

आणखी एक सांगतो, डॉ. जॉन विल्सन, तेच विल्सन कॉलेजवाले, त्यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं, खास बेने इस्राएल लोकांसाठी. म्हणजे ससून आले त्याच सुमाराला इथं एवढे लोक होते की त्यांना स्वतःची धर्मभाषा शिकायला मराठी पुस्तक लागत होतं! त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका, नव्याचा सण, खिरीचा सण, दार फळणीचा सण (हा योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, दारं लावून उपास करायचे), बिरड्याचा रोजा. बिरडं म्हणजे आपलं वालाचंच. १८८० नंतर मुंबईत त्यांनी आपल्या हरिदासी कीर्तनावरून स्वतःचं कीर्तन सुरू केलं, आख्यानाला मोशे, योसेफ, अब्राहम आणि भाषा अस्सल मराठी. पुण्यात १८७४ साली छापलेली एक हगादा आहे, वल्हांडण या त्यांच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, तिच्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका नऊवारी नेसलेल्या आहेत.

काकूंकडे नवस फेडायचा असला की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, परातीत डोंगर करून त्यावर फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव. आम्ही पोरं बाहेर चपला काढून रांगेत बसायचो. त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तो मात्र नारळाच्या दुधात, कारण मटणाच्या जेवणावर गाईचं दूध चालत नाही. मी आईला म्हणायचो आपल्याकडे पण असाच कर, तिला तो कधी जमला नाही.

१९४८ नंतर एकेक घर इस्राएलला निघालं. विसेक हजारांचा समाज होता, आता सगळ्या भारतातले सगळे ज्यू मिळून पाच हजारसुद्धा नाहीत. तिकडे गेलेल्यांना सुरुवातीला सोपं गेलं नाही, तिथल्या धर्मगुरूंनी लग्नं लावायला खळखळ केली, हे पक्के ज्यू कशावरून म्हणून, शेवटी आंदोलनं झाली आणि १९६४ साली तिथल्या सरकारनं जाहीर केलं की हे सर्व बाबतींत ज्यूच. इथं कुणी कधी विचारलं नव्हतं ते तिथं जाऊन सिद्ध करायला लागलं. काकूंची मुलंही गेली. त्या एकट्या राहिल्या. उतारवयात एका ऑफिसात कागदावर धर्म बघून तिथला पोरगा म्हणाला, आजी तुम्ही फॉरेनच्या का? काकू म्हणाल्या, नाही रे बाबा, पेणची.

तर माझी मागणी दोनच गोष्टींची. एक म्हणजे ते सुरुवातीचं वाक्य दुरुस्त करा, चौकटीत दोन ओळी टाकल्या तरी चालेल. दुसरं म्हणजे कुणाच्या घरी ट्रंकेत या कीर्तनांच्या जुन्या वह्या, मराठी हगादा असं काही पडलेलं असेल तर वाचकांनी कळवावं असं तुमच्या पेपरातून आवाहन करा, रद्दीत जायच्या आधी. काकू गेल्यावर त्यांच्या वह्या कुठे गेल्या ते विचारायला मी गेलो तोपर्यंत घर रिकामं झालं होतं, चौकटीवर डबीच्या जागी नुसती दोन खिळ्यांची भोकं.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे