‘पान कुठलं?’ असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला तुमची हरकत नसावी. तुमचं, अशिलाचं किंवा समोरच्या कंपनीचं नाव यात कुठेही येणार नाही, आणि दाव्याबद्दल लिहायला अशिलाने परवानगी दिली आहे. आपल्या अर्जावर जो हुकूम झाला त्यात तुमचा वाटा किती मोठा होता, हे कोर्टाच्या एकाही कागदावर नोंदलेलं नाही. वकीलपत्रावर सही माझी, अर्जाखाली सही माझी. निदान इथे तरी ते लिहून ठेवलं पाहिजे. शिवाय समरी जजमेंटचा, म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल मागण्याचा, अर्ज कसा लिहायचा हे समोर बसवून सांगणारं माणूस सगळ्याच ज्युनियरना मिळत नाही. मला मिळालं. ते चार जणांपर्यंत पोचावं असंही मनात आहे.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अशिलाचं बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत छोटं मशीन शॉप आहे. त्यांनी एका कंपनीला पंपाचे सुटे भाग करून दिले. अकरा बिलं, एकूण २३ लाख ६० हजार रुपये. माल गेला, पैसे आले नाहीत. कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ प्रमाणे दाव्याआधीची मध्यस्थी करून पाहिली, समोरचे फिरकलेच नाहीत, मध्यस्थी सुरूच झाली नाही असा नॉन-स्टार्टर रिपोर्ट मिळाला आणि दावा कमर्शियल कोर्टात दाखल झाला. १२० दिवसांची कमाल मुदत संपता संपता लेखी जबाब आला. त्यात बहुतेक परिच्छेदांना एकच उत्तर होतं : मजकूर खोटा आहे, कबूल नाही.

अशा दाव्यात पुढे काय होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वादाचे मुद्दे कोर्ट ठरवतं, म्हणजे मुद्दे निघतात, मग सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, तारखा. मशीन शॉपवाल्या माणसाला एवढा काळ कच्च्या मालाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न असतो. कमर्शियल कोर्ट्स कायदा २०१५ साली आला आणि त्याने दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १३-अ, म्हणजे समरी जजमेंटची तरतूद, घातली ती याचसाठी. २०१८च्या दुरुस्तीने दाव्याच्या किमतीची मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली, म्हणून आमच्यासारख्या लहान दाव्यांनाही तो दरवाजा उघडला. समन्स बजावल्यानंतर आणि मुद्दे निघण्यापूर्वी हा अर्ज करायचा. समोरच्याला बचावात यश मिळण्याची खरीखुरी शक्यता नाही, आणि तोंडी पुरावा घेण्याआधी निकाल देऊ नये असं दुसरं काही सबळ कारणही नाही, या दोन्ही गोष्टी दाखवायच्या. दोन्ही पटल्या, तर साक्षीदार न तपासता निकाल होऊ शकतो.

तुमच्याकडे यायचं सुचवलं माझ्या आत्याने. ‘अगं, ते आयुष्यभर जजसाहेबांचे स्टेनो होते, निकाल कसा तयार होतो ते त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल,’ असं ती म्हणाली. न्यायमंदिर या जुन्या इमारतीतल्या कोर्टापासून दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीपर्यंत तुम्ही डिक्टेशन घेतलंत. वकील लिहितो ते न्यायाधीश कसं वाचतात, कुठे थांबतात, कुठला परिच्छेद उचलून जसाच्या तसा निकालात घेतात, हे तुम्ही लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून बघितलेलं. दांडिया बाजारातल्या तुमच्या बाहेरच्या खोलीत मी फाइल उघडायला घेतली आणि तुम्ही ती हाताने मिटवलीत. म्हणालात, ‘आधी मराठीत तोंडी सांग. काय झालं?’

मी सांगायला लागले. माल वेळेवर पोचवला, असं म्हटलं. तुम्ही विचारलंत, ‘पान कुठलं?’ माल पोचवल्याच्या चलनांवर कंपनीच्या गेटचा शिक्का आहे, पान ४१ पासून पुढे. बरं. कंपनीने माल वापरला. ‘पान कुठलं?’ पान नव्हतं, ते वाक्य गेलं. पण माल ठेवून घेतला, परत पाठवला नाही, नाकारल्याचं वाजवी मुदतीत कळवलं नाही, याला कागद होता. आणि मालविक्री कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे तेवढ्यावर माल स्वीकारला असं धरता येतं. कंपनीने बाकी कबूल केली. ‘पान कुठलं?’ पान ७३, त्यांच्या अकाउंट्स खात्याने सही-शिक्का करून स्कॅन पाठवलेलं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे एवढी बाकी देणं आहे याची लेखी कबुली. तिथे तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि तो कागद उजेडात धरून दोनदा वाचलात. सात बिलांपैकी दोन बिलांना दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती, पण मुदत कायद्याच्या कलम १८ खाली मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते, म्हणून त्या दोन बिलांचा जीव याच सहीत होता. सही मुदत संपायच्या आत झाली आहे की नाही, ती तारीख तुम्ही स्वतः कॅलेंडर काढून ताडून पाहिलीत. स्कॅन ईमेलने आलेला, म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक कागदासाठी लागणारं प्रमाणपत्र दोन्ही भागांसह लावायला सांगितलंत. ‘मूळ पुरावा भक्कम आणि प्रमाणपत्र नाही, असे कागद मी बाजूला ठेवलेले पाहिलेत,’ असं म्हणालात.

मघाशी सात बिलं म्हटलं, ते का, हे आता सांगते. माझ्या मते सगळ्यांनी तुमच्याकडून शिकावं असं सर्वांत मोठं हेच आहे.

अकरापैकी चार बिलांच्या मालाबद्दल कंपनीने थोड्याच दिवसांत पत्र पाठवलं होतं, माप चुकलंय म्हणून. अशिलाचं म्हणणं होतं की ते पत्र पैसे टाळायला लिहिलेलं आहे, आणि मलाही तसंच वाटतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘माप बरोबर होतं हे कागदावर दिसतं का, की कुणीतरी येऊन सांगावं लागेल?’ सांगावं लागणार होतं. मग ती चार बिलं अर्जातून काढ, असं तुम्ही म्हणालात. अशिलाला ते पटेना, सव्वासहा लाख कसे सोडायचे? तुम्ही त्यांना समजावलंत की सोडायचं काहीच नाही, ती बिलं दाव्यात राहतीलच, त्यांचा पुरावा रीतसर होईल. ऑर्डर १३-अ मध्ये दाव्याच्या एका भागापुरताही निकाल मागता येतो. पण ती चार बिलं या अर्जात ठेवली तर समोरचा वकील फक्त त्यांच्यावरच बोलेल, आणि एक नासका आंबा सारी अढी नासवतो तशी बाकीची सात बिलंही वादग्रस्त वाटू लागतील. न्यायाधीश असा अर्ज वाचताना एकच गोष्ट शोधत असतात, वाद कुठे आहे. तो कुठे आहे हे आपणच पहिल्या पानावर सांगितलं, तर बाकीच्या ठिकाणी तो नाही यावर त्यांचा विश्वास बसतो.

आम्ही तसंच केलं. अर्जाच्या तिसऱ्याच परिच्छेदात लिहिलं की अमुक चार बिलांना साक्षीपुरावा लागेल, त्यांच्यापुरता हा अर्ज नाही. कोर्टापुढे मन वळवायचं म्हणजे आपली बाजू फुगवून मांडायची, असं पुष्कळ जण धरून चालतात. या परिच्छेदाने मला त्याच्या नेमकं उलट दाखवलं.

मग सात बिलांचा तक्ता. ऑर्डर १३-अ चा नियम ४ म्हणतो की नुसता कागद जोडून भागत नाही, त्यातला कुठला मजकूर आपल्या कामाचा आहे ते दाखवायला हवं. बिल, चलन, गेटचा शिक्का, रक्कम, पान, हे रकाने मी केले होते. शेवटचा रकाना तुमचा : या बिलाबद्दल लेखी जबाबाच्या कुठल्या परिच्छेदात काय म्हटलंय. एका नजरेत दिसत होतं की सातही बिलांना कारण न देता नुसता नकार आहे. ऑर्डर ८ च्या नियम ३-अ आणि ५ बद्दल मला मग पानंच्या पानं लिहावी लागली नाहीत. कमर्शियल दाव्यात नकार द्यायचा तर कारणासह द्यावा लागतो, नाहीतर ती गोष्ट कबूल धरली जाऊ शकते, एवढं तक्त्याखाली दोन ओळींत आलं.

‘अप्रामाणिक’, ‘बदनीयतीने’, ‘दिशाभूल’ हे शब्द तुम्ही एकेक करून खोडलेत. न्यायनिवाड्यांची यादीही कापलीत. दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१९चा सू-काम पॉवर सिस्टिम्स विरुद्ध कुंवर सचदेव ठेवला, कारण साक्षीपुराव्याशिवाय न्याय्य निर्णय देता येत असेल तर ही तरतूद वापरावी, हे त्यात स्वच्छ आहे. इंग्लंडमधला १९९९चा स्वेन विरुद्ध हिलमन मी हट्टाने ठेवला. बचावाची शक्यता खरी हवी, निव्वळ काल्पनिक नको, ही कसोटी तिथून आलेली आहे, आणि ती एका वाक्यात मावते. तुम्ही माझं ऐकलंत, याचंही मला अप्रूप आहे.

ऑर्डर १३-अ च्या नियम ७ खालची पर्यायी मागणीही मी लावून धरली होती : बचाव टिकण्याची शक्यता असली तरी तो टिकेलसं वाटत नसेल, तर निदान रक्कम कोर्टात भरायला सांगावी. मुख्य मागणी त्याने सैल वाटेल अशी तुमची शंका होती. मला आजही वाटतं की लहान अशिलासाठी ती मागणी असलीच पाहिजे.

सुनावणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी तोंडी पुराव्याची गरज आहे असा युक्तिवाद केला. तुम्ही माझ्याकडून एक स्वतंत्र परिच्छेद लिहून घेतला होता, दुसऱ्या सबळ कारणाबद्दलचा. तो बरेच जण एका ओळीत उरकतात. आपण त्यात विचारलं होतं की कुठला साक्षीदार, कुठली गोष्ट सिद्ध करायला यायचा आहे? साहेबांनी अर्ज समोर धरून तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, स्टोअर मॅनेजर, माल मिळाला की नाही ते सांगायला. साहेबांनी पान ४१ उलटलं. चलनाच्या डाव्या कोपऱ्यात गेटचा जांभळा शिक्का, त्याखाली ‘माल मिळाला’ आणि त्याच स्टोअर मॅनेजरची सही, तारखेसह. मग ४२, मग ४३. मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

सात बिलांपुरता हुकूम आपल्या बाजूने झाला, खर्चासह. आपला तक्ता निकालात शेवटच्या रकान्यासकट आला आहे. निकालाची प्रमाणित प्रत अशिलाने दुकानातल्या गणपतीपुढे ठेवली आणि तुम्हाला पहिला फोन त्यांनीच केला, ते तुम्हाला माहीत आहेच. अपील होईल कदाचित, त्याची तयारी ठेवली आहे.

तुम्ही फी घेतली नाहीत, अशिलाने पाठवलेलं पाकीटही परत केलंत. कुणाचेही कागद घेऊन कुणीही आलं, तर तुम्ही असेच बसता असं आत्या सांगते. दुसऱ्याच्या अर्जासाठी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या पानापासून वाचणं आणि आपलं नाव कुठेही येणार नाही हे ठाऊक असणं, याबद्दल आभार कुठल्या शब्दांत मानायचे मला खरंच कळत नाही. मनापासून मानते, काका.

उरलेल्या चार बिलांचे मुद्दे निघाले आहेत. मापाबद्दल अशिलाच्या मशीनवरचा कामगार साक्ष देईल. त्याच्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन रविवारी सकाळी येते, पानांचे क्रमांक घालूनच. बारमधल्या दोन ज्युनियर मैत्रिणी विचारत होत्या, त्यांनाही आणलं तर चालेल का, तेवढं आत्याकडे कळवा.

काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
दांडिया बाजारातल्या आत्याची वकील भाची
बडोदे