ऑफ-कॅमेरा फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावायचा असेल तर खोक्यावर तसं छापा

प्रति,
कस्टमर केअरचे प्रमुख (म्हणजे जे फोनवर कधीच येत नाहीत ते)

विषय: तुमचा मॅन्युअल फ्लॅश स्टँडवर लावला की झोपतो, आणि त्यावर तुमच्या माणसाने दिलेला सल्ला

आत्ताच तुमच्या केअरचा फोन ठेवलाय आणि डोकं थंड व्हायच्या आत लिहून टाकतेय, नाहीतर परत जाऊ दे म्हणून सोडून देईन. तक्रार नंबर तुमच्याकडे आहे, वस्तू तुम्हीच बनवलीय, त्यामुळे फ्लॅश म्हणजे काय ते सांगत बसत नाही. फोनवर तेच सांगत बसावं लागलं, ते पुढे येईलच.

खोक्यावर तुम्ही मोठ्या अक्षरात ऑफ-कॅमेरा लिहिलंय, म्हणजे कॅमेऱ्यापासून लांब ठेवून चालणारा, 2.4 गीगाहर्ट्झचा रेडिओ रिसीव्हर आतच आहे असंही लिहिलंय. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या हॉट शूवर ठेवला की नीट चालतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. स्टँडवर लावून स्लेव्हला, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरच्या इशाऱ्यावर उडायला, टाकला आणि चार-पाच मिनिटं फायर झाला नाही की झोपतो, आणि एकदा झोपला की ट्रिगर कितीही दाबा, उठत नाही. त्याच्याजवळ जाऊन पाठीवरचं बटण दाबायचं, तेव्हा साहेब जागे होतात. मॅन्युअलच्या पुस्तिकेत कस्टम फंक्शनच्या पानावर स्पष्ट छापलंय की स्लीप ऑफ करता येतं. माझ्या फ्लॅशच्या मेन्यूत ते फंक्शनच नाहीये. बीपचं येतं, मग बॅकलाइटचं, मग गोल फिरून परत बीपचं. छापलेलं मॅन्युअल एका मशीनचं आणि विकलेलं मशीन दुसरं, असं काहीतरी झालंय, कसं झालं ते तुम्ही शोधा.

मी बडोद्यात मुंजी, बारशी, डोहाळजेवणं अशी कामं करते, नवरात्रात चणियाचोळी घातलेल्या मुलींचे पोर्ट्रेट असतात. पॉवर आपली आपण ठरवणारा टीटीएल फ्लॅश परवडत नाही म्हणून हाताने पॉवर लावायचा मॅन्युअल घेतला असं कोणी समजू नये, मला त्याची गरजच पडत नाही. स्टँड एका जागी, माणूस एका जागी, मधलं अंतर बदलत नाही, मग शटर 1/200, पॉवर एकदा पूर्णच्या 1/8 ला लावली की लावली. अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई होतो, मग 1/8 चा 1/2 करायचा, झालं काम. एवढ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे कशाला मोजायचे? यॉन्गनुओचा वायएन560 बघितला होता, गोडॉक्सचा टीटी600 पण हातात घेऊन बघितला होता, तुमचा त्यांच्यापेक्षा थोडा स्वस्त पडला आणि वर खोक्यावर जीएन, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा गाइड नंबर, 60, म्हटलं हाच घेऊ.

त्या 60 चंही आत्ताच बोलून घेते. खोक्यावर नुसतंच 60. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात, 'आयएसओ 100, 200 मिमी झूमला'. आणि उजेडाचा झोत अरुंद करणारं तुमच्या फ्लॅशचं झूम हेड जातं 105 पर्यंत! टीटी600 वाले पण 60 च लिहितात, पण त्यांचं हेड 200 पर्यंत जातं तरी. तुमचे 60 मोजले कुठे हे मला खरंच कळून घ्यायचंय. छत्रीतून मारताना हेड वाइडलाच ठेवते आणि वर छत्रीत दोनेक स्टॉप जातात, म्हणजे उजेड चौथाईच उरतो, म्हणून मला 60 लागत नव्हतेच, पण नसलेलं छापायचं कशाला?

आता मुंजीचं. दांडिया बाजारात एका जुन्या वाड्यात काम होतं. मातृभोजन चालू, आई आणि बटू एका ताटात जेवतायत, आजूबाजूला पंगत, कोपऱ्यात पंगतीच्या मागे माझा स्टँड, वर छत्री. मधे गुरुजी काहीतरी सांगत होते म्हणून मी कॅमेरा खाली घेतला होता. आईने घास उचलला, मी शटर दाबलं, अंधार. परत दाबलं, परत अंधार. पानं, रांगोळ्या, मांडी घालून बसलेल्या आज्या, हे सगळं ओलांडून बटण दाबायला जायचं कसं? फोटोत आईचा हात खिडकीच्या उजेडात आहे आणि बटूचा चेहरा अर्धा काळा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वर ढकलून काढलाय तर सगळा खरखरीत. मातृभोजन परत करा असं कोणाला सांगता येत नाही.

आणि आता आजचा फोन. बराच वेळ तुमचं गाणं ऐकल्यावर एक साहेब आले. मी सगळं सांगितलं, स्लेव्ह मोड, झोपणं, मेन्यूत फंक्शन नसणं. त्यांनी विचारलं, फ्लॅश कॅमेऱ्यावर चालतो का. म्हटलं हो. मग म्हणतात, "तो मॅडम, प्रॉडक्ट में फॉल्ट नहीं है." म्हटलं, अहो मला तो कॅमेऱ्यावर लावायचाच नाहीये, स्टँडवर लावायचाय. थोडा वेळ शांतता. मग अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाला सांगावं तसं, "मॅडम, आप फ्लॅश को कॅमेरे से दूर रख रहे हैं, इसीलिए दिक्कत आ रही है. कॅमेरे के ऊपर लगाइए, बिलकुल सही चलेगा."

मी विचारलं, खोका समोर आहे का तुमच्या, त्यावर ऑफ-कॅमेरा लिहिलंय त्याचा अर्थ काय? तर म्हणे, म्हणजे मॅडम कॅमेरा बंद असताना सुद्धा टेस्ट बटणाने फ्लॅश चालतो. मी खरंच फोन कानापासून लांब धरून बघितला, कोणी गंमत करतंय का म्हणून. मग म्हणे ऑटोवर टाकून बघा. मॅन्युअल फ्लॅश ऑटोवर! तुमच्याच फ्लॅशला एम म्हणजे मॅन्युअल आहे, दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडायचे एस1 आणि एस2 आहेत, ऑटो कुठंय ते मला कोणी दाखवलं तर मी पत्र मागे घेते.

मग एस1 वर टाका म्हणाले. हे निदान फ्लॅशशी संबंधित तरी होतं. पण एस1 म्हणजे समोर कुठलाही फ्लॅश उडाला की हा पण उडणार, आणि मुंजीत व्हिडिओवाल्याचा असिस्टंट, बटूचे काका, सगळे आपापले फ्लॅश मारत असतात, म्हणजे माझा त्यांच्या फोटोसाठी उडणार आणि माझ्या वेळेला चार्ज होत बसणार. मग बॅटरीवर आले, 1.2 व्होल्टच्या रिचार्जेबल कमी पडतात, 1.5 च्या साध्या लावा. अहो, फ्लॅशला निकेल मेटल हायड्राइडच बऱ्या, भराभर करंट देतात, आणि हे तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय. वाचता का कोणी तिथे ते मॅन्युअल? शेवटी काय, तर अहमदाबादला कुरिअर करा, खर्च माझा, आणि तिथेही "कॅमेरे के ऊपर चला तो वापस आ जाएगा".

परत लिहिते कारण फोनवर कोणाला समजलं नाही. कॅमेऱ्यावर चालतो. स्टँडवर झोपतो. मी स्टँडसाठी घेतलाय. गोडॉक्सच्या स्पीडलाइटला स्लेव्हवर झोपायच्या आधी तास नाहीतर अर्धा तास मिळतो आणि ते मेन्यूतून ठरवता येतं, मग तुम्हाला काय अडचण आहे?

वाईट याचं वाटतं की तुमचा जुना, रिसीव्हर नसलेला फ्लॅश माझ्याकडे आहे आणि तो अजून चालतो. त्याच्या भरवशावर मी फाइन आर्ट्सच्या पोरांना, पहिला फ्लॅश घेताय तर ह्यांचाच घ्या, असं सांगत होते. आता त्यांना फोन करून नको म्हणून सांगतेय, आणि का नको ते सविस्तर सांगतेय.

मला रिपेअर नकोय. स्लीप ऑफ असलेलं युनिट द्या नाहीतर पूर्ण पैसे परत करा, कुरिअर तुमच्या खर्चाने. पंधरा दिवस वाट बघेन. मग 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार जाईल, आणि तिथून हललं नाही तर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथेच दावा टाकता येतो आणि 5 लाखांच्या आतल्या खरेदीला फी पण लागत नाही, म्हणजे रिक्षाभाड्यात काम होईल. खोक्याचा फोटो, मॅन्युअलची दोन्ही पानं आणि मेन्यूचा व्हिडिओ सोबत जोडलाय.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करू नका, आणि करायचाच असेल तर आधी त्या साहेबांना तुमचं खोकं वाचायला द्या.

एक ग्राहक,
बडोदे